कोरडी कामटी

॥ श्री ॥
वरची वाडी, वेल्हे
दि. १२ ऑक्टोबर

चि. शेफालीस आज्जी फुलाबाईचे पोटभर आशीर्वाद.

वि. वि. आधी हे सांग, तुझं स्वतःचं नाव तरी ध्यानात हाय ना? आभाळाचं भाकीत करणारी पोर घरनं निघताना छत्रीच खुंटीला विसरून गेली, हे ऐकून शेजारची धोंडाबाई हसून हसून खाली बसली. छत्री हाय तिथंच हाय. जाता-येता म्या तिला विचारते, बाई, तुझी मालकीण कुठं गेली? ती बी तुझ्यासारखीच, उत्तर देत न्हाई.

हितं सगळी खुशाल. वाडीत मोबाईलला अजून रेंज न्हाई, तवा म्या सांगते आन तुझी प्रेरणा काकू लिहिती. दुधाचा टेम्पोवाला कुंडलिक भोरला पोच करील. तू परड्यात रोवून गेलेल्या पाऊस मोजायच्या नळीचं काम नीट चाललंय. मला आकडे येत न्हाईत, म्हणून तू दाखवलंस तसंच करते. सकाळी बांबूची कोरडी कामटी नळीत बुडवायची, जिथवर भिजली तिथं विळ्यानं खाच पाडायची आन कामटी कुंडलिकच्या हातात द्यायची. पट्टी लावून तू काय ते बघ. कुंडलिक म्हणाला, आज्जी, लोक नातीला लाडू धाडतात, तुमी काटक्या धाडता.

भात झकास आलंय. खालच्या वावरात माझं आन वरच्यात तुझ्या धनाजी काकाचं. दाणा भरलाय, पण अजून हिरवा हाय. दिवाळी झाल्यावर कापू. वेळेवर जेवत जा. माया हाय तशीच ठेव.

तुझी आज्जी

◆

भोर
दि. १५ ऑक्टोबर

ती. आज्जीस शेफालीचा शि. सा. न. वि. वि.

छत्रीचं सगळ्या वाडीला सांगितलंस ना? आता मी गावात कुठल्या तोंडाने येऊ?

आज्जी, आता हे शांतपणे ऐक. अरबी समुद्रात मोठं चक्रीवादळ उठलं आहे. आमची हवामानवेडी मंडळी दोन दिवसांपासून गंगाधर काकांच्या गच्चीवरच मुक्काम ठोकून आहे. काका बँकेतून निवृत्त झाले तेव्हापासून त्यांना वाऱ्याशिवाय दुसरा विषय नाही. आमच्यातला स्वानंद दर तीन तासांनी उपग्रहाचं चित्र बघतो आणि भिंतीवरच्या नकाशावर टाचणी पुढे सरकवतो. वादळाचा मधला डोळा इतका गोल आणि स्वच्छ दिसतो की बघत राहावंसं वाटतं आणि बघवतही नाही. ते हरिहरेश्वरच्या बाजूला किनाऱ्याला लागेल असा आमचा अंदाज आहे. तसं झालं तर सह्याद्री ओलांडताना तोरण्याखालच्या गावांना वारा आणि पाऊस जोरात झोडपणार.

म्हणून सांगते, भात कापून घ्या. थोडं हिरवं असलं तरी घरात येईल. उभं राहिलं तर आडवं होईल. शिमग्याला मी गारपीट येणार म्हणाले आणि आली नाही, हे धनाजी काका विसरले नसतील. पण या वेळी माझं ऐका.

आणि नळीला जपा. काचेची आहे. अशी दुसरी भोरमध्ये मिळत नाही.

सर्वांना नमस्कार. लोभ आहेच, तो वाढावा.

तुझी शेफाली

◆

वरची वाडी
दि. १६ ऑक्टोबर

चि. शेफालीस आशीर्वाद.

वि. वि. तुझं पत्र प्रेरणानं ओट्यावर मोठ्यानं वाचलं. तिथंच चूक झाली. निम्मी वाडी ऐकायला जमली.

धनाजी म्हणाला, शिमग्याला हिच्या गारपिटीपायी दोन दिवस कुरडया घरात दडवल्या, त्या आंबून गेल्या आन बाहेर नुसतं लख्ख ऊन. आता हिरवं भात कापायचं व्हय? वाऱ्याला काय हरिहरेश्वरहून वेल्ह्याची वाट ठावी हाय? म्या म्हटलं, तुला ठावी असून तू तरी कुठं वेळेवर घरी येतोस?

(हे मी माझ्या मनाने लिहिलेलं नाही, आत्याबाईंनी लिहायला लावलं. हे शेजारीच बसलेत. — प्रेरणा)

आता माझं ऐक. मला नकाशा कळत न्हाई, टाचणी बी कळत न्हाई. पण तू लहानपणी खोटं बोलायचीस तवा पायाच्या अंगठ्यानं माती उकरायचीस. ह्या पत्रात काय उकरल्यावानी वाटलं न्हाई. म्हणून उद्या सकाळी खालच्या वावरात विळा घालते. वरचं वावर धनाजीचं, त्यानं त्याचं बघावं. दोघं मायलेक वेगळ्या बाजूनं बसलोय. वादळ आलं तर धनाजीचं तोंड बघण्याजोगं व्हईल. न्हाई आलं तर माझं. वाडीला दोन्हीकडनं करमणूक.

पेंढ्या पडवीत आन माळ्यावर रचते. हिरव्या दाण्याचा तांदूळ तुकडा पडतो, ते मला ठाऊक हाय. वर्षभराचं भात हाय पोरी, गंमत न्हाई. पण एकदा तुझं ऐकायचं ठरवलं की ठरवलं.

नळीची काळजी नको. तान्ह्या पोरावानी जपीन. आशीर्वाद हायेतच, माघारी घ्यायची रीत न्हाई.

तुझी आज्जी

◆

भोर
दि. १९ ऑक्टोबर

ती. आज्जीस शि. सा. न. वि. वि.

काय लिहू कळत नाही, पण न लिहिणं जास्त वाईट.

परवा दुपारी वादळाने उत्तरेकडे तोंड फिरवलं. आम्ही सगळे गच्चीवरच होतो. गंगाधर काकांच्या वायुभारमापकाचा काटा उतरत गेला, मग थांबला आणि हळूहळू वर चढू लागला. रात्री ते अलिबागच्या बाजूला किनाऱ्याला लागलं. इकडे भोरला नुसती भुरभुर. शेजारच्या सौदामिनी ताईंनी वाळत घातलेली साडीसुद्धा धड भिजली नाही.

तरी वाटलं, डोंगरात काही झालं असेल. कुंडलिकदादाचा टेम्पो दोन दिवस आला नाही. काल संध्याकाळी स्टँडवरच्या पानवाल्याने हाक मारली. वेल्ह्याच्या गाडीच्या कंडक्टरने माझ्यासाठी काहीतरी ठेवलं होतं. तुझी कामटी. सोबत पत्र नाही. मी ती उजेडात फिरवून फिरवून बघितली. एकही खाच नाही. कोरडी ठाक.

पत्र का नाही ते कळलं. तू रागावली असशील आणि काकूला लिहायला सांगितलं नसेल. बरोबर आहे. माझ्या शब्दावर तू हिरवं भात कापलंस आणि आभाळातून थेंब पडला नाही. धनाजी काकांचं भात ताठ उभं असेल आणि वाडी तुला हसत असेल. मी गंगाधर काकांना सांगून टाकलं, उद्यापासून मी गच्चीवर येणार नाही. ते टाचण्यांची डबी माझ्यापुढे ठेवून खाली गेले.

दिवाळीला मी इथेच राहीन म्हणते. रागाव, पण अबोला धरू नकोस.

तुझी शेफाली

◆

वरची वाडी
दि. २१ ऑक्टोबर

चि. शेफालीस अनेक आशीर्वाद.

वि. वि. अगं शहाणे, तू कामटीला विचारलंस, माणसाला का न्हाई विचारलंस? त्या कंडक्टरला गाठायचं. वेल्ह्याच्या गाडीची एक खिडकी फुटलेली, ती कशी फुटली ते त्यानं सांगितलं असतं.

पाऊस कसला, आभाळ पालथं झालं. वारा तोरण्यावरनं असा खाली आला, की धोंडाबाईच्या गोठ्याचा पत्रा आमच्या परड्यात आला आन आमचं कोंबड्यांचं खुराडं तिच्याकडं गेलं. आता अदलाबदल झाली. वाडीच्या रस्त्यावर आंब्याचं झाड पडलं, म्हणून कुंडलिक आला न्हाई. माणूस, जनावर सगळं धड हाय. धनाजीचं भात मात्र वावरात चटई अंथरल्यावानी निजलंय. त्या सकाळी लहानथोर सगळी जणं चिखलात लोंब्या वेचत होतो. प्रेरणाला हात धुवायला सवड न्हाई, पत्र कुठलं लिहिती? पण कामटीचा नेम चुकवायचा न्हाई म्हणून म्या ती बुडवली आन पायी वेल्ह्याला चाललेल्या बंडूच्या हातात दिली, त्यानं ती कंडक्टरकडं सोपवली.

कोरडी का निघाली, ते बी सांगते. हसायचं न्हाई. तू लिहिलंस नळीला जपा, काचेची हाय. म्हणून वारा सुटायच्या आधीच तिच्यावर सासूबाईंचं जुनं इरलं घातलं आन चारी बाजूंनी धोंडे ठेवले. इरल्यातनं आजवर माझ्या डोक्यावर थेंब पडला न्हाई, नळीवर कुठनं पडणार? सकाळी इरलं उचललं, कामटी बुडवली, कोरडी निघाली. तुझी नळी सुखरूप हाय, एवढंच बघून मला बरं वाटलं.

(आत्याबाईंना मी आत्ता पत्र वाचताना समजावलं, की नळी भिजण्यासाठीच असते. त्या म्हणतात, मग तसं लिहायचं होतं. — प्रेरणा)

माझं भात पडवीत कोरडं हाय. त्यातलं निम्मं धनाजीचं, त्याला तसं सांगितलं. तो काल संध्याकाळी ओट्यावर येऊन विचारत होता, पोरगी थंडीचं काय म्हणती? आंबलेल्या कुरडयांचं नाव बी न्हाई काढलं. तवा गच्चीवर जा. त्या गंगाधर काकांची डबी त्यांच्या हातात न देता तूच उघड आन टाचणी लाव. वादळ वळलं तरी त्याचं शेपूट आमच्याकडनं गेलं, एवढं त्यांना आज्जीकडनं सांग. दिवाळीला आली न्हाईस तर म्या स्वतः भोरला येईन आन छत्रीची गोष्ट तुझ्या सगळ्या मंडळींना सांगीन.

हिरव्या दाण्याचे पोहे कांडलेत, पायली भरून कुंडलिककडं धाडलेत. सोबत छत्री बी हाय, ती उघडून बघ, नुसती खुंटीला टांगू नको. पिशवी रिकामी माघारी आली तर घेणार न्हाई. पोह्यावर टाकायला भोरच्या बाजारातली जाड शेव पाठव, धनाजीला पातळ आवडत न्हाई. आन पिशवीचं तोंड घट्ट बांध, वर इरलं घालून पाठव.

तुझी आज्जी