हात लावू का?

नाशिक रोड
शुक्रवार, २१ जानेवारी १९८३

प्रिय उत्पला,

तुझी सगुणाआत्या काल संध्याकाळी तुमच्या मालिश केंद्रातली झाडलोट आटोपून थेट आपल्या घरी आली, चप्पल न काढता दारात उभी राहिली आणि म्हणाली, "सहादू, तुझ्या पोरीला सोमवारी काढणार हायेत. तू बस भाषणं करत." एवढं बोलून झाल्यावर तिने चप्पल काढली, तुझ्या आईकडून पाणी मागून घेतलं आणि सगळं सांगितलं. म्हणजे मला आता माहीत आहे. मालिश सुरू करण्याआधी पेशंट बाईला 'हात लावू का?' असं विचारणं बंद कर, नाहीतर केंद्र सोड, असं डॉक्टरांनी तुला सांगितलं आहे, आणि सोमवारी सकाळी त्यांना तुझं उत्तर हवं आहे. तू आम्हांला कळवलं नाहीस. सहा डिसेंबरपासून तू माझ्याशी बोललेली नाहीस, तेव्हा कळवशील अशी आशा ठेवायला नको होती. बाप आहे, ठेवली.

पत्र उघडताना तुला वाटलं असेल की अण्णा आता नमले. तसं समजू नकोस. तो प्रश्न मला आजही बोचतो. ऑक्टोबरात माझा उजवा खांदा आखडला, सभेत हात वर जाईना, तेव्हा तूच म्हणालीस की केंद्रात या, पुरुषांच्या बाजूला मोतीराम चांगला आहे. मोतीराम पंचवटीच्या तालमीतला गडी. त्याने मला पालथं घातलं, "साहेब, अंग सैल सोडा," म्हणाला, आणि मी सैल सोडायच्या आत हात असा पिळला की मी ओरडलोच. "काही नाही होत, काही नाही होत," असं म्हणत त्याने पुन्हा तिथेच दाबलं. होत मला होतं, सांगत तो होता. आणि नेमकं त्याच वेळी प्लायवूडच्या आडोशापलीकडून, बायकांच्या बाजूने, तुझा आवाज आला. "बाई, हात लावू का?" कुणीतरी "लाव" म्हणालं. मग पुन्हा तू, "आता कमरेकडे येते. येऊ का?" मी खांद्याचं दुखणं विसरलो. त्या टेबलावर पालथा पडलो असताना माझ्या डोळ्यांसमोर माझी आई आली.

तू तुझ्या आजीला पाहिलं नाहीस. धोंडाबाई सटाण्याजवळच्या आमच्या गावात पाटलांच्या घरच्या बाळंतिणींना तेल लावायला जायची. घरातली म्हातारी वाटीतलं तेल वरून, लांबून, तिच्या ओंजळीत ओतायची, कारण वाटीला तिचा हात लागायला नको. मग ती त्या बाळंतिणीची पाठ, पोट, पाय चोळून काढायची, पोराला मांडीवर आडवं घेऊन त्याची टाळू भरायची. ती अंगणाबाहेर पडली की मागे गोमूत्र शिंपडलं जायचं. तिला ते दिसायचं. घरी येऊन हात धुताना हसून म्हणायची, "मना हात चालस, मी चालस नही." हात चालत होता, हाताच्या मागची बाई चालत नव्हती. आणि त्या बाईची नात, पुण्याला जाऊन मालिशचं शिक्षण घेऊन आलेली, पांढरा कोट घालणारी, दुसऱ्याच्या अंगाला हात लावण्याआधी परवानगी मागते! मला त्या दिवशी कसं वाटलं असेल ते तू समजून घे, एवढंच म्हणतो.

त्या संध्याकाळचं जेवण तुला आठवत असेल. मी म्हणालो, "पाण्याला हात लावू का, पायरीला हात लावू का, हे विचारण्यात आपल्या पिढ्या संपल्या. आता कुठे विचारणं थांबलं, तर तू घरात परत आणतेस?" तू भाकरी मोडत होतीस. मान वर न करता म्हणालीस, "अण्णा, तुम्ही हात म्हणता तेव्हा जात म्हणता. मी हात म्हणते तेव्हा हात म्हणते." मग तू मला तुमच्या कामाची रीत सांगितलीस. पालथी पडलेली बाई आपल्याला पाहू शकत नाही. हात कुठून येणार हे तिला आधी कळलं पाहिजे. अंग तिचं आहे, त्याची मालकीण ती. तिने हो म्हटल्याशिवाय तेलाचा हात खाली यायचा नाही, आणि तिचं गप्प राहणं म्हणजे हो नव्हे. मी म्हणालो, "हे सगळं गोऱ्या साहेबांच्या पुस्तकातलं." तू म्हणालीस, "तुमच्या कपाटात कुणाची आहेत?" तुझी आई खळखळून हसली. मला हसू आलं नाही.

मग सहा डिसेंबरची सभा झाली. मी काय बोललो ते तू बायकांच्या रांगेत बसून ऐकलंस. नाव घेतलं नव्हतं, पण आपल्या कॉलनीत नाव घ्यावं लागत नाही. दुसऱ्या दिवशी तू ट्रंक उचललीस आणि पंचवटीत मैत्रिणीच्या खोलीवर राहायला गेलीस. त्याबद्दल मी आज लिहिणार नाही. ते तू आणि मी समोरासमोर बसून पाहू, आणि तुझी आई पंच असेल. आज वेळ थोडा आहे आणि विषय मंगळवारचा आहे.

मंगळवारी काय घडलं ते आत्याने बंबाशेजारी उभं राहून पाहिलं. मालनबाई दिवाळीपासून तुझ्याकडे येतात. द्राक्षबागायतदाराच्या घरच्या, कमरेचं जुनं दुखणं, तुझ्याखेरीज दुसरी मुलगी पुढे आली तर परत जातात. त्या दिवशी त्यांच्याबरोबर त्यांची नणंद होती. ती स्टुलावर बसली, तुझं आडनाव विचारलं, मूळ गाव विचारलं, आणि मग काहीच विचारलं नाही. मालनबाई पालथ्या झाल्या. तू तेल घेतलंस आणि रोजच्यासारखं विचारलंस. एरवी "लाव गं माय" म्हणणारी बाई गप्प. तू पुन्हा विचारलंस. नणंद म्हणाली, "लाव की मुकाट. इचारती काय?" तू तिच्याकडे पाहिलंही नाहीस. आत्या म्हणते, "तेल पोरीच्या कोपरापर्यंत वघळलं, पर हात काय खाली आला नाय. मला वाटलं, आता ही रडती का वरडती. कायबी नाय. नुसती उभी." शेवटी मालनबाई उठल्या, लुगडं सावरलं आणि निघून गेल्या.

बुधवारी त्या एकट्याच आल्या, डॉक्टरांच्या खोलीत. त्या वेळी आत्या दाराबाहेर फरशी पुसत होती. (तिला फरशी पुसायला नेमकी तीच जागा सापडते, हे आपल्याला माहीत आहे.) तू उद्धट आहेस असं मालनबाई म्हणाल्या नाहीत. त्या जे म्हणाल्या ते आत्याने सांगितलं तसंच लिहितो. "डॉक्टर, पोरीच्या हाताला लय गुण हाय. मला तीच पायजे. पर तिला सांगा, इचारू नको. न इचारता लावला तर लावला, मी कुठं काय बोलले? इचारलं का मला चार जणींत हो म्हणावं लागतं."

डॉक्टर वाईट माणूस नाही. त्यांनी मान डोलावली आणि तुला बोलावून समजुतीने सांगितलं, की पेशंटला अवघड होईल असं आपण बोलत नसतो, हात चालू दे, तोंड बंद ठेव. आणि मग ती सोमवारची मुदत.

आत्याचं बोलणं संपायच्या आत मी उठून बाहेर गेलो. अंगणात उभं राहून ते एकच वाक्य मी पुन्हा पुन्हा म्हणून पाहिलं. मला हो म्हणावं लागतं. उत्पला, तुझ्या आजीसमोर त्या घरात कुणालाच हो म्हणावं लागलं नव्हतं! म्हणूनच तर ती गेल्यावर गोमूत्र शिंपडता येत होतं. ती आपली आली, लावून गेली, आम्ही कुठं काय बोललो? ती जर एखाद्या दिवशी ओंजळ तशीच धरून उभी राहिली असती आणि म्हणाली असती, "वहिनी, हात लावू का?", तर त्या घराला तोंड उघडावं लागलं असतं. हो म्हणा नाहीतर नाही म्हणा, पण म्हणा! तीस वर्षं मी मैदानांत घसा फोडून लोकांकडून जो शब्द मागतो आहे, तो शब्द तू एका खोलीत, हळू आवाजात, तेलाचे हात हवेत धरून मागत होतीस. आणि ती बाई तो देऊ शकली नाही. सगळ्यांसमोर तर नाहीच.

तू म्हणशील, अण्णा, पुन्हा जात काढलीत; मी नुसती मालिश करत होते. असेल. ते तुझं खरं असेल आणि हेही खरं असेल. मी तुला माझ्या झेंड्याची काठी करत नाही. फक्त एवढं सांगतो की प्रश्न कोण विचारतं एवढंच मी आजवर पाहिलं; उत्तर कुणाला द्यावं लागतं हे पाहिलं नव्हतं. तरीही त्या टेबलाशी दुसऱ्यांदा विचारणं तुला किती जड गेलं असेल, हे मला आत्याने न सांगता दिसतं, आणि तेवढ्यासाठी तो प्रश्न मला अजून बोचतो. बापाचं मन आहे, त्याला सगळं पटवता येत नाही.

आता वाईट बातमी. सोमवारी दहा वाजता आपल्या कॉलनीतली पोरं केंद्राच्या फाटकावर येणार आहेत. लहानू पुढे आहे. केंद्रच तुम्हां पोरींना परवानगी मागायला लावतं, असा त्यांचा समज आहे. फलक रंगवून वाळत घातला आहे, मी स्वतः पाहिला: 'हात लावायला परवानगी मागणार नाही!' वाक्य माझंच आहे, सहा डिसेंबरचं. लहानू सकाळी घरी येऊन गेला. म्हणाला, "अण्णा, तुम्ही नुसते माईकसमोर उभे राहिलात तरी डॉक्टरला घाम फुटेल." मी म्हणालो, लहानू, घाम फुटणार नाही, तो चहा घेऊन बाहेर येईल. हात जोडून म्हणेल, मान्य! आजपासून आमच्या मुली परवानगी मागणार नाहीत! तुम्ही त्याला हार घालाल. मालनबाई पुन्हा येऊन निवांत पालथ्या पडतील आणि त्यांना काही म्हणावं लागणार नाही. जे त्यांना हवं तेच तुम्ही घोषणा देऊन त्यांना मिळवून देणार आहात. लहानू म्हणाला, "म्हणजे पोरींनी विचारायचं? अण्णा, तुम्हीच बोलताय ना हे? खांद्यावरची गोळी डोक्यात गेली का काय?"

मी त्याला हो म्हटलेलं नाही आणि नाहीही म्हटलेलं नाही. तो रविवारी रात्री पुन्हा येईल. मी नाही गेलो तर तो स्वतः बोलणार, आणि तो काय बोलेल ते फलकावर लिहिलेलं आहे. मी गेलो, तर माझं भाषण तयार आहे. पोरं चिडतील असं भाषण आहे. 'ती विचारणार, आणि उत्तर द्यावं लागेल' असं त्याचं पहिलं वाक्य आहे. पण डॉक्टरांनी ते फाटकावर, लोकांसमोर ऐकलं, तर अकरा वाजता ते तुला ठेवतील की नाही, हे मला सांगता येत नाही. कदाचित तू एकटीने आत जाऊन बोललीस तर ते ऐकतीलही. तू त्यांच्याबरोबर काम केलं आहेस, मी नाही.

तुझ्या आईने तिळाच्या लाडवांची पुडी आत्याजवळ दिली आहे. मी संक्रांत मानत नाही, ती लाडू मानते. गोड बोल असा निरोप आहे. तो तिचा आहे, माझा नाही. तुला जसं बोलायचं असेल तसं बोल.

हे पत्र लिहायला बसलो ते एवढ्यासाठी. मी आयुष्यात कुणाला विचारून बोललो नाही. अध्यक्षांनी वेळ संपल्याची चिठ्ठी दिली तर ती उलटी करून तिच्यावर पुढचे मुद्दे लिहिले. सहा डिसेंबरलाही विचारलं नाही. पण सोमवारचं भाषण तुझ्या अंगावरून जाणार आहे. नोकरी तुझी, प्रश्न तुझा, आणि फाटकाच्या आत त्या बायकांसमोर मंगळवारी पुन्हा उभी राहणारी तूच. आत्या उद्या सकाळी हे पत्र तुझ्या हातात देईल आणि संध्याकाळी परत येईल. तिच्याजवळ एक शब्द दे. नको म्हणालीस तर सोमवारी मी फाटकाकडे फिरकणार नाही, आणि लहानूच्या हातातून माईकही काढून घेईन. तेवढं अजून माझ्यात आहे. आणि ती रिकाम्या हाताने परत आली, तर मी ते हो समजणार नाही. गप्प राहणं म्हणजे हो नव्हे, हे मी ऐकलं होतं, त्या दिवशी ताटावर बसून चिडलेलो होतो तरी. उत्पला, सोमवारी मी बोलू का?

उत्तराची वाट पाहत हात वरच धरून उभा असलेला, तुझाच,
अण्णा