लांब वायर

मधलीवाडी, ता. संगमेश्वर
रविवार, दुपार

प्रिय हर्षददादा,

विनोदकाकांनी तुझ्या हातात पाकीट ठेवलं म्हणून घाबरू नकोस. घरी सगळे बरे आहेत. आईचा गुडघा आहे तसाच आहे, गाय व्यायली, पाडा झाला, आणि यंदा आंब्याच्या कलमांना मोहोर इतका आहे की पानं दिसत नाहीत. फोनवर तीनदा तुला काही सांगायला गेले, पण घरचा विषय निघाला की तू 'बरं, ठेवतो' म्हणतोस. कागद तसा मधेच ठेवता येत नाही. आणि आलाच कंटाळा, तर निदान हे पान उलटून बघ.

गणपतीत तू तो ड्रमसेट आणलास, ती संध्याकाळ मला जशीच्या तशी आठवते. घडीच्या स्टँडवर रबराचे सात गोल पॅड, आणि सोबत तुझा जुना टॅब. मे महिन्यात कलमावरून पडून बाबांचा उजवा हात मोडला होता. प्लास्टर निघालं तरी बोटांत जोर नव्हता. मृदंगावर थाप मारली की नुसतं धप्प व्हायचं, मग ते मृदंगावर फडकं टाकून मागच्या पडवीत जाऊन बसायचे. तू म्हणालास, रबराला जोर लागत नाही, बोट टेकलं तरी पुरे. टॅबमध्ये तू बाबांच्याच मृदंगाचे बोल भरून आणले होतेस. दोन वर्षांपूर्वीच्या शिमग्यात तू फोन घेऊन त्यांच्या मागेमागे का फिरत होतास, ते मला तेव्हा कळलं. पण तू होतास त्या पाच दिवसांत बाबांनी त्याला हात लावला नाही. तुझ्या बँजो पार्टीला आजवर 'डबे बडवणारे' म्हणत आलेला माणूस तुझ्यासमोर रबर कसा वाजवणार? तू गेल्यावर दहा-बारा दिवसांनी त्यांनी तुला फोन करून सांगितलं, 'तुझं ते खेळणं घेऊन जा. मला नको.' तू काय बोललास ते मला ऐकू आलं नाही. पण दिवाळीला तू आला नाहीस, तेव्हा जे समजायचं ते समजले.

दादा, बाबांनी ते खेळणं वाजवलं होतं. ज्या दिवशी तुझी गाडी गेली त्याच दुपारी त्यांनी मला हळूच विचारलं, 'काय गो निशी, ह्याचा आवाज बाहेर जाणार नाय असं करता येतं?' आपली वाडी तुला माहीत आहे, एका घरात शिंक आली तर चार घरांतून विचारणा होते. मृदंगवाल्या रावजीचा हात अडखळतोय, हे बाबांना कुणाला ऐकू द्यायचं नव्हतं. मला तर आनंदच झाला. मी माझ्या पहिल्या पगारातून हेडफोन घेतले होते, बिनवायरचे, ते त्यांच्या कानावर चढवले. टॅबमध्ये सरावाचा एक खेळ आहे ना, कानात ठेका वाजतो आणि त्यावर थाप मारायची; बरोबर पडली तर हिरवा ठिपका, उशिरा पडली तर लाल. तो मीच लावून दिला. मला वाटलं, रोज थोडे हिरवे वाढतील.

एकही हिरवा आला नाही. अकरा दिवस बाबा दार लोटून बसत होते. बाहेरून फक्त रबरावरची टपटप ऐकू यायची. आत गेलं की पडदा सगळा लाल, करवंदाच्या जाळीवर पिंजर-कुंकू सांडावं तसा. ते म्हणाले, 'बोल मागं ऱ्हातोय गो. हात पुढं जातो नि बोल मागनं येतो.' डॉक्टर म्हणालेच होते की नस दबली आहे, वेळ लागेल. बाबांनी मला विचारलं, 'हे यंत्र चुकत नसंल?' आणि मी, तुझी शिकलेली बहीण, काय म्हणाले असेन? 'बाबा, मशीन खोटं बोलत नाही.'

हे वाक्य मी सेवा केंद्रात दिवसातून वीस वेळा बोलते. अर्जात लाल आलं की तुमचंच काहीतरी चुकलंय, हिरवं आलं की झालं. माणसं ऐकतात, कारण मी पदवी घेतलेली रावजीची मुलगी. बाबांनीही ऐकलं. हेडफोन काढून नीट पुसून माझ्या हातात दिले. त्याच संध्याकाळी विनोदकाकांना बोलावून त्यांनी सांगितलं की नमन मंडळाने शिमग्याच्या खेळांना मृदंगावर दुसरा माणूस बघावा. मग तुला फोन केला. वाजवून पाहिलं होतं हे तुला सांगायचं नाही, म्हणून माझ्या गळ्याची शपथ घातली. लेकाने आणलेलं आपल्याला जमलं नाही म्हणण्यापेक्षा 'नको' म्हणणं त्यांना सोपं गेलं असेल. ती शपथ मी आज मोडते आहे, आणि माझा गळा अजून ठीक आहे.

मंडळाला माणूस मिळाला नाही. पौष संपला, तालमी सुरू व्हायची वेळ आली. विनोदकाका दोनदा येऊन अंगणातूनच परत गेले. शेवटी त्यांनी सांगितलं, माघी पौर्णिमेपर्यंत थांबतो, नाहीतर पलीकडच्या गावचा वादक ठरवतो. आपल्या नमनात परक्या गावचा मृदंग! बाबा 'ठरवा' म्हणाले आणि पडवीत गेले. त्या दिवशी दुपारी आईने ठरवलं की ड्रमसेट डोळ्यांसमोर नको, तो बांधून तुला पाठवून द्यावा. ती जुन्या लुगड्यात पॅड गुंडाळत होती, मी टॅब बांधण्याआधी एकदा चालू करून बघत होते. हेडफोन तिथेच पडले होते. आईने मजेत ते कानाला लावले आणि एका पॅडवर मुठीने ठोका दिला. पुन्हा दिला. मग मला म्हणाली, 'अगो, हे मागनं बोलतंय.'

मला वाटलं, तिला कळत नसेल. ती म्हणाली, 'मी नि पलीकडची मालन समोरासमोर उभ्या राहून भात कांडायचो. तिचं मुसळ वर, माझं खाली. जरा मागंपुढं झालं तर हात फुटायचा. मुसळ आत्ता पडलं नि आवाज मागनं आला, असं कधी होतं काय?' मी हेडफोन माझ्या कानाला लावले. दादा, इतके महिने ह्या पॅडवर मी ते एकदाही लावून बघितले नव्हते. मी फक्त पडदा बघत होते. बोट टेकलं, आणि बोल खरंच मागून आला. डोळ्याचं पातं लवण्याइतकाच मागून, पण मागून. बिनवायरच्या हेडफोनला आवाज आधी बांधून पाठवला जातो आणि कानाशी पुन्हा सोडवला जातो, त्यात तेवढा वेळ जातो. बाबांना ठेकाच उशिरा ऐकू येत होता. ते त्यावर अचूक थाप मारत होते आणि टॅब प्रत्येक थापेला उशिरा म्हणून लाल करत होता. तुला हे पहिल्या मिनिटाला कळलं असतं. तू होतास तेव्हा त्यांनी वाजवलं नाही, आणि वाजवलं तेव्हा घरात मी होते.

मी अकरा दिवसांचे सगळे लाल ठिपके पुन्हा उघडून बघितले, आणि दादा, मला रडूच आलं. सगळे ठेक्याच्या रेषेपासून सारख्याच अंतरावर, सारखेच उशिरा. केसाइतकाही फरक नाही. हात खरंच गेला असता तर एक थोडा उशिरा पडला असता, एक जास्त, एखादा चुकून वेळेवर. हे सगळे भाताच्या लावणीसारखे एका ओळीत. त्यांची लय कुठेच गेली नव्हती. ती माझ्यासमोर त्या पडद्यावर लिहिलेली होती आणि मी तिला चूक म्हणाले होते.

बाबांना मी पडवीत जाऊन सगळं सांगितलं. माझे हेडफोन, माझी चूक, माझं ते वाक्य. ते उजव्या हाताची बोटं उघडमीट करून बघू लागले. आईच म्हणाली, 'अवो, हात तुमचा बरा हाय, कानच उधारीचे होते. उठा आता.' मी कपाटातून जुन्या मोबाइलचे वायरचे इअरफोन काढून टॅबच्या भोकात घातले. ते बसले. पहिली थाप हिरवी. दुसरी हिरवी. पण त्यांनी पडद्याकडे बघितलंच नाही. डोळे मिटून नमनाच्या आरंभीच्या गणाची चाल धरली, आधी हळू, मग पहिल्यासारखी. आणि मधेच, एका हाताने ठेका चालू ठेवून, दुसऱ्या हाताने त्यांनी ती वायर स्वतः उपटून काढली. त्यांचा मृदंग टॅबमधून घरभर वाजला, दारातून अंगणात गेला. पलीकडून मालनकाकी ओरडली, 'रावजी भावजी, मृदंग कुणाचा वाजतोय?' बाबा थांबले नाहीत. वाजवता वाजवताच म्हणाले, 'हर्षदचा.'

पौर्णिमेला तालीम झाली. नारळ मृदंगापुढे ठेवायचा की टॅबपुढे, यावर पाऊण तास गेला, शेवटी दोघांच्या मधे ठेवला. गणापुरता बाबा चामड्याचा मृदंग वाजवतात, तेवढा जोर बोटांत आला आहे. पुढे हात दुखायला लागला की रबर. मीही सुधारले आहे. परवा केंद्रात एका म्हातारीचा अंगठा मशीन घेईना. तुमचा अंगठा झिजलाय असं आधी मी सरळ सांगितलं असतं. आता मी मशीनची काच पुसली. अंगठा उमटला.

आता पत्राचं कारण. टॅब मंडळाच्या मोठ्या स्पीकरला जोडायचा तर इथली वायर आखूड पडते आणि बाबांना स्पीकरला चिकटून बसावं लागतं. बिनवायरचं काही आता ते घरात येऊ देत नाहीत. मी म्हटलं, लांब वायर रत्नागिरीतून आणते. तर म्हणाले, 'रत्नागिरीची नको. हर्षदला त्यातलं कळतं, त्याला सांग.' मी म्हटलं, बरं, कुरिअरने मागवते. ते बराच वेळ मृदंगाची दोरी ओढत बसले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, 'कुरिअरनं नको. वायर आत दुमडून तुटते. शिमग्याच्या आधी हातानं आणायला सांग.'

तुझीच,
निशी