बेस गिटारीवरच्या टिकल्या

मु. पो. युसूफ वडगाव, ता. केज
रविवार, २७ एप्रिल

आदरणीय केशरअक्कास,

धाकट्या भावाचा, म्हणजे आबाचा, वाकून जय भीम. तुझे गुडघे कसे आहेत? दारातला शेवगा यंदा लागला का? प्रवीण आणि सूनबाई खुशाल असतील. इकडं मी, यशोधरा आणि दोन शेळ्या ठीक आहोत. बेस गिटारीची तब्येत मात्र नरमगरम आहे, पण ते ओघानं येईलच.

पत्र का म्हणून लिहितोय असं तुला वाटलं असेल. तर मी तुला अकरा वेळा फोन लावला. दहा वेळा कुणी उचलला नाही. अकराव्या वेळेला सूनबाईनं उचलला, तर मागून तुझाच आवाज आला, "सांग, झोपल्यात म्हणून." झोपलेलं माणूस स्वतःच्या झोपेची खबर एवढ्या खणखणीत आवाजात देतंय, हे मी आयुष्यात पहिल्यांदाच ऐकलं. असो. गेल्या वर्षी प्रवीणच्या हळदीत तुझं गाणं मधेच तुटलं आणि तेव्हापासून तू गाणंच सोडलंस, माझ्याशी बोलणंही सोडलंस. त्याविषयी मला या पत्रात काही काढायचं नाही. मी फक्त माझं गाऱ्हाणं लिहितोय. गाऱ्हाणं असं की मला बँडमधून काढायला लागलेत, आणि निकाल ११ मेला आहे.

तुला पहिल्यापासून सांगतो. बत्तीस वर्षं विजेच्या खांबांवर चढलो, आणि रिटायर झाल्यावर जमिनीवर काय करायचं ते कळेना. यशोधरा म्हणाली, "घरात बसून मला शिकवू नका, तुमीच कायतरी शिका." त्याच आठवड्यात लातूरला गेलतो, तिथं एक दुकानदार आपल्या मोडलेल्या ऑर्केस्ट्राचं सामान विकत होता. त्यात ही गिटार. मी तारा मोजल्या तर चारच. गिटारीला सहा तारा असतात एवढं मला ठाऊक होतं, म्हणून मी दुकानदाराला म्हणालो, "दोन तारा कमी हायेत, भाव कमी कर." त्यानं लगेच भाव कमी केला. घरी आल्यावर जीवननं सांगितलं की मामा, ही बेस गिटार आहे, हिला चारच तारा असतात. (दुकानदाराला माझं अज्ञान कळलं, पण त्यानं ते तोंडावर सांगितलं नाही. असा सज्जन माणूस होता म्हणूनच त्याचा ऑर्केस्ट्रा मोडला असणार.)

जीवन म्हणजे आपल्या वस्तीतला झेडपीचा मास्तर. तो कीबोर्ड वाजवतो. बजरंगकडं ढोलकी. पौर्णिमा गाते, ती दिवसा दवाखान्यात नर्स आहे आणि स्टेजवरही कुणी फार ताणून गायला लागलं की त्याच्याकडं पेशंटसारखीच बघते. चौथा मी. आमच्या ग्रुपचं नाव 'मैत्री'. गाणी सगळी दुसऱ्यांची. सिनेमाची जुनी, लग्नात चालणारी, जयंतीची, जी लोकांना आधीच पाठ आहेत ती. त्यात फायदा असा की आपलं चुकलं तर लोक मनातल्या मनात बरोबर ऐकून घेतात. दसऱ्यानंतर बजरंग घरच्यांना घेऊन ऊसतोडीला जातो, त्यामुळं पाच-सहा महिने बँडला कुलूप. तो परत आला की त्याच्या हातावर कोयत्याचे घट्टे असतात आणि ढोलकी नुसती कडाडते. मग पहिले दोन कार्यक्रम आम्ही सगळी गाणी जरा जोरात घेतो.

आता बेस म्हणजे काय, हे मला माणसं दर कार्यक्रमाला विचारतात. ढोलकी दिसते, कीबोर्ड ऐकू येतो, गाणारी बाई तर दोन्ही. माझ्याकडं बघून म्हणतात, "तुमी काय करता तिथं, मामा?" मी एकच उत्तर देतो. घरात अर्थिंगची तार असते, ती कुणाला दिसत नाही, तिच्यावर बल्ब लागत नाही, पंखा फिरत नाही. पण ती नसली तर फ्रिजला हात लावून बघा. बेस म्हणजे गाण्याची अर्थिंग. (हे वाक्य मी स्वतः तयार केलेलं आहे. जीवन ते आता सगळीकडं स्वतःचं म्हणून सांगतो.)

पण अक्का, वाजवायला शिकवणार कोण? जीवनला शाळा, आणि मोबाईलवरचे मास्तर फार भराभर बोलतात. मी माझी पद्धत काढली. खांबावर कुठली वायर कुठली हे आम्ही रंगानं ओळखायचो, तसंच इथं करायचं. गिटारीच्या दांडीवर आडव्या पट्ट्या असतात, दोन पट्ट्यांमधली जागा म्हणजे एकेक घर. कुठल्या घरात बोट ठेवायचं तिथं मी यशोधराच्या टिकल्या चिकटवल्या. लाल, हिरवी, निळी, मरून. आणि गाण्याच्या वहीत शब्दांच्या डोक्यावर त्याच रंगाचे ठिपके. लाल लाल हिरवी लाल, निळी, मरून, परत लाल. झालं गाणं! सूरबिर ओळखायची भानगडच नाही. केजच्या बांगड्यांच्या दुकानात मी पाकिटं न्यायला लागलो तेव्हा दुकानदारीण म्हणाली, "सुनेची लई हौस करता वो काका." मी हो म्हणालो. तिला काय सांगू, की बाई, गिटारीला लावायच्यात?

यशोधराला ही पद्धत पहिल्यापासून पटली नाही. ती म्हणायची, "कान कशाला दिलेत मग?" मी म्हणायचो, कानावर भरवसा ठेवणारा वायरमन फार दिवस टिकत नाही.

या टिकल्यांपायी गमतीही झाल्या. प्रवीणच्या हळदीचीच घे. दुपारचं ऊन, मांडवात गर्दी, मी गिटार आतल्या खोलीत आरशाशेजारी टेकवून जेवायला गेलतो. प्रवीणच्या सासूची बहीण बायनाबाई तोंड धुऊन आल्या, त्यांची टिकली पडलेली. आपल्या बायका आरशाला टिकल्या चिकटवून ठेवतात, तशीच ही पाव्हण्यांची सोय असेल, असं समजून त्यांनी गिटारीवरची मरून टिकली काढली आणि कपाळाला लावली. पुढं त्यांची स्वतःची टिकली पदराला सापडली. बाई इमानदार. उसनी घेतलेली परत जागच्या जागी नेऊन लावली. हे सगळं मला महिन्यानं हळदीच्या व्हिडिओत दिसलं, कारण व्हिडिओवाला नवरदेवापेक्षा त्या खोलीतच जास्त होता. जागा जराशी चुकली, एक घर पुढं गेली, पण नियत साफ. त्यानं काही फार बिघडलं नाही.

बिघडलं ते गेवराईला. गेल्या महिन्यात तिथं लग्नाचा कार्यक्रम होता. वर पत्रा, खाली मी, मधे ऊन. घामानं टिकल्यांचा गोंद सुटला आणि हिरवी टिकली माझ्या बोटालाच चिकटली. आता जिथं हिरवी तिथं बोट ठेवायचं, आणि हिरवी तर बोटावरच! म्हणजे मी जिथं बोट ठेवीन तिथं ते बरोबर. मी एक कडवं तसंच निष्ठेनं वाजवलं. मग कपाळाचा घाम पुसला, तर टिकली कपाळावर. पौर्णिमानं गाता गाता माझ्याकडं बघितलं आणि विरहाच्या गाण्यात खुदकन हसली. नवरीकडच्या माणसांना वाटलं नवऱ्याला हसली. त्यांची समजूत घालायला बजरंगला ढोलकी सोडून खाली उतरावं लागलं.

परतीच्या जीपमध्ये जीवननं कीबोर्डच्या पिशवीची चेन लावली. मग म्हणाला, "मामा, राग मानू नका. पण टिकल्या काढा. बिनटिकलीचं येत नसंल तर बेस मी कीबोर्डवर डाव्या हातानं वाजवतो, तेवढं भागतंय." बजरंग म्हणाला, "आन् मामानं काय करायचं बे?" जीवन म्हणाला, "मामा निवेदन करतील." अक्का, निवेदन! म्हणजे माईक हातात घेऊन टाळ्या वाजवा म्हणायचं. मी सात दिवस जेवणावर राग काढला. (सातव्या दिवशी यशोधरानं वांग्याचं भरीत केलं, तिथं तो राग संपला.)

मग मी टिकल्या काढल्या. ब्लेडनं खरडून, रॉकेल लावून दांडी लख्ख केली. आणि वाजवायला घेतलं तर काय, एक गाणं म्हणून लागेना. दांडी नुसती दिवा गेलेल्या गल्लीसारखी. चार दिवस चाचपडलो. पाचव्या दिवशी वैतागून डोळे मिटून बसलो आणि बोटं आपोआप चालायला लागली. बघतो तर आईचा पाळणा. तोच, आईनं स्वतः बांधलेला. बारसं असो, हळद असो, जयंती असो, ज्याच्याशिवाय आपल्या घरात कार्य उरकत नाही तो. पूर्ण वाजला, शेवटपर्यंत. त्याला ना टिकली लागली ना वही.

मी पळत जाऊन जीवनला ऐकवलं. त्यानं हेडफोन काढला, परत वाजवा म्हणाला. मग म्हणाला, "मामा, ११ मेला जयंतीच्या कार्यक्रमात हे एक गाणं असंच वाजवा. लोकांसमोर जमलं तर बेस तुमचा, बाकीची गाणी मी बसून शिकवतो." (जयंती १४ एप्रिलची खरी, पण आपल्याकडं ती गावागावानं तारीख धरून मे संपेपर्यंत चालते, हे तुला काय सांगायचं.) पौर्णिमानं पाळणा म्हणून बघितला. पोरीचा गळा गोड आहे, पण तिसऱ्या कडव्याआधी आई जिथं श्वास घ्यायची तिथं ती घेत नाही. तो श्वास आला नाही की माझं बोट दांडीवरच अडकून बसतं. तिचा दोष नाही. तिनं आईला ऐकलेलं नाही.

तर असं सगळं आहे. बाकी पत्र लिहायला खास कारण काही नाही. गुडघ्यांना तीळतेल लाव. प्रवीणला जय भीम, सूनबाईला आशीर्वाद. यशोधरा गुरुवारी तुझ्याकडं पाटोद्याला येतेय, तिच्याच हाती हे पत्र देतो.

तुझा
आबा

ता. क. : ११ मेला, संध्याकाळी सहाला, विहारासमोर. पाळणा तू म्हणावास अशी सगळ्या ग्रुपची इच्छा आहे. ग्रुपची म्हणजे माझी. तो श्वास आता फक्त तुझ्यापाशी आहे.

ता. क. दुसरं : वर बायनाबाईंचं लिहिताना 'काही फार बिघडलं नाही' असं लिहिलंय. ते खोडायला हवं होतं, पण आधीचं पान खराब होईल म्हणून इथं लिहितो. हळदीत तुझ्या पाळण्याच्या तिसऱ्या कडव्याला मरून टिकली होती. ती एक घर पुढं गेलेली, मी त्याच घरात बोट दाबलं, आणि बेसचा स्पीकर तुझ्या कानाशी. तू वर चढलीस, तुला खाली जमीनच सापडेना, आवाज अडकला, तू बसलीस. मी टिकलीकडं बघत होतो, अक्का, तुझ्याकडं नाही. गाणं तुटल्यावर टिकली एक घर सरकलेली दिसली, तेव्हाच मला माझी चूक कळली; ती कुणी सरकवली ते पुढं व्हिडिओत. मांडवात लोक म्हणाले, केशरबाईचा आवाज गेला. मी तोंड उघडून सांगायला हवं होतं की तिचा नाही, माझा सूर गेला. मी तोंड उघडलं, पण म्हणालो, "वय झालं आता अक्काचं." एक वर्ष झालं, ते वाक्य माझ्या घशात मासळीच्या काट्यासारखं आहे. चूक माझी होती. हे मी ११ मेला माईकवर सगळ्यांसमोर सांगणार आहे, तू आलीस तरी आणि नाही आलीस तरी. (तेवढ्यापुरतं निवेदन करायला माझी हरकत नाही.)

ता. क. तिसरं, बुधवार : यशोधरानं पत्र फोडून वाचलं. (न्यायचंच आहे तर काय नेतेय ते कळायला नको का, म्हणाली.) वाचून म्हणाली, "एवढं लिहायची काय गरज? अक्कांना हळदीतच कळलंय." तू तिला त्याच दिवशी, खरकटी ताटं उचलता उचलता सांगितलंस म्हणे, "आबाचं बोट घसरलं. पण त्याचं नवं हाय. मी बोलले तर पोरं त्याला काढतील. म्हणू दे लोकांला माझा आवाज गेला." हे मला वर्षभर कुणी सांगितलं नाही. मी मघापासून ओसरीवर बसलोय, शेळ्या माझ्याकडं बघतायत. मी यशोधराला विचारलं, मग अक्का फोन का म्हणून उचलत न्हाई? ती म्हणाली, "सुराचा राग न्हाईच त्यांला. वय झालं म्हणालात ना, त्याचा हाय. तीनच वर्षांनी मोठ्या हायेत तुमच्यापेक्षा."

आता एक शेवटची गोष्ट कबूल करतो. ११ मेचा बॅनर मी तुला न विचारताच छापून आणलाय. तुझा फोटो माझ्या फोटोच्या दुप्पट आहे. त्याखाली मोठ्या हौसेनं 'ज्येष्ठ गायिका केशरबाई' असं छापून घेतलं होतं. यशोधराचं ऐकल्याबरोबर मी बॅनर अंगणात पसरला आणि दुकानदारिणीकडून आणलेली टिकल्यांची दोन कोरी पाकिटं घेतली. 'ज्येष्ठ' हा शब्द आता कुणालाही वाचता येत नाही. तिथं लाल, हिरव्या, निळ्या आणि मरून टिकल्या आहेत, आणि या वेळेला प्रत्येक जागच्या जागी आहे.