मांगं माल असते

बाबा,

तुम्हाला जाऊन आता इतकी वर्षं झाली की तुमच्यावर रागवायला मी एकटीच उरले आहे. बाकीच्यांनी तुम्हाला केव्हाच चांगलं करून टाकलं. गावातले म्हातारे अजून सांगतात, वलगावात अशी जीप दुसऱ्या कोणाची नव्हती, कितीही माल भरा, मागून वाकायची नाही. मी ऐकून घेते. वाद घालत नाही, कारण त्यांनी ती जीप बाहेरून पाहिली होती. आतून ती कशी होती हे मायला माहीत होतं, आणि माय तुमच्याबद्दल कोणापाशी एक शब्द वाकडा बोलली नाही. तिच्या वाटचं आज मी बोलते आहे. तुम्हाला आवडणार नाही. तुम्हाला माझं कोणतं बोलणं आवडत होतं म्हणा.

मिलिटरीच्या लिलावातून तुम्ही ती गाडी आणली तेव्हा मी शाळेत होते. हिरवा रंग उडालेला, वरचा टप फाटलेला, स्टिअरिंग डाव्या बाजूला. मागची बाकं तुम्ही आल्या-आल्याच उपटून फेकली, कारण तुम्हाला माणसं न्यायची नव्हती, भाजी न्यायची होती. पहाटे मळ्यातून वांगी, कोबी, कोथिंबीर-पालकाच्या जुड्या, हंगाम असला तर संत्री, असं सगळं भरून आपण अमरावतीच्या बाजारात जायचो. मोठा माल अडत्याकडे उतरवला की तुम्ही मोकळे. मग चहा, पान आणि चार ओळखीची माणसं. किरकोळ विकायला माय पोतं अंथरून बसायची ती दुपार टळेपर्यंत. सुट्टीच्या दिवशी मी तिच्याजवळ असायचे. गाडीत बसण्याची व्यवस्था मात्र पहिल्या दिवसापासून ठरलेली होती. स्टिअरिंगवर तुम्ही, तुमच्या बाजूच्या सीटवर मायचा तराजू, आणि माय मागे. तराजूच्या खाली घडी घातलेली गोधडी असायची. खोटं नाही सांगत, असायची.

मळ्यातून सडकेपर्यंतची वाट म्हणजे काळ्या मातीत बैलबंड्यांनी पाडलेल्या चाकोऱ्या. त्यातून एवढं ओझं नेल्यावर जीपच्या मागच्या कमानीचे पाटे मोडायला लागले. गाडीखाली वाकून मी ते पहिल्यांदा पाहिले, एकावर एक रचलेल्या, मधे बाक असलेल्या पोलादी पट्ट्या. एक मोडली की तुम्ही दुसरी टाकायचे, आणि गाडी पुन्हा एका अंगाला बसायची. तुमचा सगळा जीव त्या पाट्यांत अडकला होता. जेवताना पाटे, झोपताना पाटे. मला ताप आला तेव्हा तुम्ही माझ्या कपाळाला हात लावून गेला होता की नाही हे मला आठवत नाही, पण मोडलेला पाटा उशाशी घेऊन बसलेले तुम्ही मला लख्ख आठवता.

मग अकोल्याला मामाच्या घरचं लग्न निघालं. राज्य अजून मुंबईचंच होतं तेव्हा, महाराष्ट्र व्हायचा होता. लग्नाचं निमित्त, खरं काम तुमचं वेगळंच होतं. अकोल्यात कापसाच्या ट्रकांच्या कमानी बांधणारा एक मिस्त्री आहे असं तुम्हाला कोणीतरी सांगितलं होतं. मामाच्या दारात आम्हाला सोडण्याआधी तुम्ही गाडी सरळ त्याच्याकडे घातली. मला ते दुकान आत्ता दिसतं आहे. पत्र्याची शेड, भट्टी, जमिनीवर सांडलेलं काळं ऑइल. माय लग्नातलं लुगडं नेसून, आहेराची पिशवी छातीशी धरून मागच्या चाकापाशी उभी आहे. बसायला जागा नाही, कोणी विचारतही नाही. मिस्त्री गाडीखालून निघतो, हात पुसतो आणि म्हणतो, "भाऊ, हे पाटे थकले. कमान चढवून देतो, एक पाटा जास्तीचा टाकतो. तुमाले तेवढं पुरते."

"एक नाई, तीन टाक," तुम्ही म्हणता. "ट्रकचे कापून टाक. मले पुन्हा पुन्हा अकोल्याले यायचं नाई."

"टाकतो ना, मले काय. पन सांगून ठेवतो. गाडी भरली असली तं मजेत चालीन, रिकामी असली तं दगड होईन. मांगं बसनाऱ्याची कंबर जाईन."

"मांगं कोनी बसत नाई," तुम्ही म्हणता. "मांगं माल असते."

मिस्त्रीनं मायकडे पाहिलं. मग तुमच्याकडे पाहिलं. "बरं," म्हणाला आणि घण उचलला. तुम्ही मागे वळूनही पाहिलं नाही. मी मायच्या तोंडाकडे पाहिलं, तर ती लुगड्याला लागलेला ऑइलचा डाग दुसऱ्या हाताने पुसत होती, आणि तो आणखीच पसरत होता.

लग्न आटोपून निघालो तेव्हा जीप मागून चांगली वीतभर उचलली गेली होती. मामाकडच्या सगळ्यांनी गाडीभोवती फिरून कौतुक केलं. तुम्ही मागच्या कडेवर उभं राहून उड्या मारून दाखवल्या, बघा, हलत नाही. खरंच हलत नव्हती, तीच तर गोष्ट होती. रस्त्यावरचा एकेक खड्डा तिने न गिळता तसाच्या तसा वर पाठवला, आणि वर आम्ही दोघी होतो. मी टपाच्या दांडीला लोंबकळून, गुडघे वाकवून निभावून नेलं. मायला ते जमत नव्हतं. मूर्तिजापूरला तुम्ही चहाला थांबलात तेव्हा तिला खाली उतरता येईना. तुम्ही हॉटेलच्या बाकावरून म्हणालात, "लग्नात नाचली काय वं?" आणि शेजारचे लोक हसले. तुम्ही विनोदी होता अशी तुमची ख्याती आहे.

त्यानंतर रोज तेच. सकाळी माल असे, गाडी दबलेली असे, माय कोबीच्या पोत्यांवर बसून डुलत जाई. दुपारी गाडी रिकामी, आणि सडकेपासून मळ्यापर्यंत माय पत्र्यावर आपटत येई. गोधडी टाकून पाहिली, कडब्याची पेंढी टाकून पाहिली. मग तिच्या लक्षात आलं की सकाळी दुखत नाही, दुपारी दुखतं, म्हणजे गाडीला ओझं पाहिजे. एका दुपारी तिने रेतीची पोती भरवून मागे ठेवून घेतली. तुम्ही आलात, पोती पाहिलीत आणि सगळ्या बाजारासमोर एकेक करून रस्त्यावर फेकलीत. "पेट्रोल काय रेती फिरवाले जाळू?" त्या दिवशी मी पहिल्यांदा तुमच्यासमोर तोंड उघडलं. म्हटलं, "बाबा, तराजू मांगं ठेवा न. मायले समोर बसू द्या." तुम्ही म्हणालात, "धक्के लागले तं काटा बिघडते." मी तशीच उभी राहिले तेव्हा तुम्ही आवाज खाली आणून खरं कारण सांगितलं. "बायकोले बाजूले बसवून गावातून गाडी नेऊ? सिनेमा हाय काय?"

मला माहीत आहे, रीत तुम्ही काढली नव्हती. बंडीत बाई मागेच बसायची, सगळ्यांचीच. त्यात आपल्या जीपचं स्टिअरिंग डावीकडे, त्यामुळे बाजूची सीट रस्त्याच्या मधल्या अंगाला यायची आणि तिथलं माणूस समोरून येणाऱ्याला आधी दिसायचं. पारावर बसलेल्यांना तर फारच. पण त्यांच्या बंड्यांना कोणी ट्रकचे पाटे बसवले नव्हते, बाबा. रीत जुनी ठेवायची आणि गाडी नवी करायची, हे तुमचंच डोकं.

तुम्ही एक तोड काढलीत, हेही लिहिते, नाहीतर म्हणाल पोरीने मुद्दाम लपवलं. अमरावतीपासून गावाच्या अलीकडच्या पुलापर्यंत मायने समोर बसावं, पुलाशी उतरून मागे जावं. तुम्हाला वाटलं, केवढं मन मोठं केलं. माय तेव्हा तराजूची पारडी धूत होती. ती उभी राहिली, कंबरेवर हात ठेवून हळूहळू, आणि म्हणाली, "समोर बसीन तं गावातून बी समोरच बसीन. नाई तं मी पायी येतो."

आणि ती पायी आली. बस होती. बसने यायला तिला कोणी अडवलं नसतं, पण बसमधून आली असती तर गावाला काहीच दिसलं नसतं. ती रिकामी टोपली डोक्यावर घेऊन सडकेच्या कडेने चालायची, तुम्ही मागून यायचे, वेग कमी करायचे, हॉर्न वाजवायचे. ती बघायची नाही. मग तुम्ही धूळ उडवत पुढे जायचे, शेजारच्या सीटवर तराजू. रविवारी मी तिच्याबरोबर चालत असे. मी तुम्हाला शिव्या देई, ती म्हणे, "चूप चाल." पण चालून तिची पाठ मोकळी होत होती, तिचा चेहरा बरा दिसत होता, आणि पारावरचे लोक आता तुम्हाला विचारत होते की भाऊ, वहिनी काहून पायी येऊन राहिली? त्या दिवसांत तुम्ही घरात कोणाशी बोलत नव्हता. मला तो काळ फार आवडला.

शेवटी तुम्ही तिचं बाजारात जाणंच बंद केलंत. किरकोळ विकायला माझ्या चुलतभावाला घेतलं, त्याला गाडीही शिकवलीत. आणि चुलतभाऊ पहिल्या दिवशी उडी मारून कुठे बसला? समोर. तराजू पोत्यात गुंडाळून मागे गेला, मोकळ्या पत्र्यावर, रोज जाताना आणि येताना. काटा बिघडला नाही. तुम्ही होतात तोवर बिघडला नाही, तुमच्यानंतरही बिघडला नाही. दुपारी पत्र्यावर तो खडखडत घरी यायचा आणि माझ्या डोक्यात तिडीक जायची. मायची पाठ मात्र तिथून पुढे सरळ झाली नाही. खाली बसलेली उठताना तिला भिंत लागायची. रोपं लावायला वाकणं तिने सोडून दिलं, आणि मळ्यातली बाई वाकू शकत नसेल तर तिला स्वतःबद्दल काय वाटतं, हे तुम्हाला सांगण्यात अर्थ नाही.

मग तुम्ही विहिरीच्या कठड्यावरून पडलात. संत्र्यांना पाणी चालू होतं, सकाळची वेळ, आणि तुमचा खुबा मोडला. नुसतं कुशीवर वळवलं तरी तुम्ही ओरडत होतात. अमरावतीच्या दवाखान्यात न्यायला दारात एकच गाडी होती. चुलतभावाने मागे गादी टाकली आणि तो तुम्हाला उचलायला आला, तेव्हा माय आडवी आली. म्हणाली, "थांब. आदी माती भर." त्याला काही कळेना. तिने बायामाणसं लावली, मळ्यातली ओली माती पोत्यांत भरवली, पोती गाडीत मागच्या चाकांच्या वरच्या बाजूला नीट रचून घेतली. मग ती स्वतः, भिंतीला धरून उठणारी बाई, त्या पोत्यांवर चढून बसली आणि चुलतभावाला म्हणाली, "मळ्यातून एक चक्कर मार." तो फिरवून आला. "आनखी टाक. अजून उडते." पुन्हा पोती, पुन्हा चक्कर. किती ओझ्याला ती कमान नरम पडते हे साऱ्या गावात फक्त तिच्या पाठीला माहीत होतं. तुम्ही ओसरीत कण्हत होता, तुम्हाला यातलं काही दिसत नव्हतं. मी बघत होते आणि माझ्या अंगाचा तिळपापड होत होता. तिच्यासाठी कोणी एक पोतं राहू दिलं नव्हतं.

पोत्यांवर कडबा, कडब्यावर गादी, गादीवर तुम्ही. समोरची सीट त्या दिवशी मोकळी होती. कोणी काही म्हटलं नसतं. माय मागेच बसली, तुमचं डोकं मांडीवर घेऊन. मी तुमच्या पायाशी. काळ्या मातीची वाट आली, तुम्ही दात आवळलेत, डोळे घट्ट मिटलेत, आणि गाडी खड्ड्यात उतरून सावकाश, न आपटता वर आली. पुन्हा उतरली, पुन्हा आली. थोड्या वेळाने तुम्ही डोळे उघडलेत. "आज गाडी कशी नरम चालून राहिली," तुम्ही म्हणालात. "बसले पाटे. म्या म्हनलं होतं, बसतीन मनून."

"हो," माय म्हणाली. "बसले."

मी तोंड उघडलं होतं, बाबा. तुमच्या खाली मळ्याची माती आहे आणि ती कोणी भरली, एवढं एकच वाक्य मला बोलायचं होतं. मायने माझ्याकडे पाहिलं आणि मी गप्प बसले. तुम्ही दवाखान्यातून परत आला नाहीत. पाटे बसले याच समाधानात गेलात. माय पुढे कितीतरी वर्षं जगली, वाकून जगली, आणि ही गोष्ट तिने कोणाला सांगितली नाही. आता तीही नाही. मला अडवणारं कोणी नाही, म्हणून लिहायला बसले होते, की निदान एकदा तरी तुम्हाला कळावं.

पण तिने सांगितलं नाही ते मी का सांगावं? हे कागद कुठे पाठवायचे नाहीतच, मोठ्याने वाचायचेही नाहीत. आणि एक गोष्ट आहे. मायने डोळे वटारले म्हणून मी तेव्हा गप्प बसले, असं मी स्वतःलाच सांगत आले. ती डोळे वटारत नव्हती, नुसतं बघत होती. मी बोलू शकले असते. तुमचं कण्हणं थांबलं होतं, आणि अमरावती येईपर्यंत ते तसंच थांबून राहावं, असं मलाही वाटत होतं.