आईच्या उखाण्याची सीडी

आबा, त्या दुपारी सीडी का निघत नव्हती ते आज सांगते. तेव्हा मलाच कळत नव्हतं, आणि तुम्ही तरी कुठं धड विचारलंत?

आईचं वर्षश्राद्ध. कोपरखैरण्याच्या आपल्या खोलीत जेवणं उरकून गावाकडची माणसं शेजारच्या काकूंच्या टीव्हीपुढं जाऊन बसलेली. मामाच्या लग्नाची सीडी बघायची होती, कारण तिच्यात आई उखाणा घेते. जन्मभर तुम्हाला ‘अहो, ऐकलं का’ म्हणणारी बाई फक्त तिथं तुमचं नाव घेते. आणि ती सीडी माझ्या जुन्या कॉम्प्युटरात अडकली होती. दुकानदारानं विंडोजऐवजी फुकटातलं म्हणून लिनक्स टाकून दिलेलं, मी शिकाऊ. सीडी आपसूक दिसायची नाही, हातानं माउंट करायला, म्हणजे हुकूम देऊन मशीनला जोडायला लागायची. काढायच्या आधी अनमाउंट, म्हणजे तशीच सोडवायची, नाहीतर ट्रे हलत नाही. मी तीनदा हुकूम टाइप केला, तीनदा उत्तर आलं, डिव्हाइस बिझी.

तुम्ही दारात आलात. “दे की ती शीडी, मानसं खोळंबल्यात.”

“आबा, निघंना. बिझी म्हणतंय.”

“बिझी? कलेक्टर लागून गेलाय व्हय त्यो?”

पहिली थप्पड कानाखाली बसली. दुसरीला ओठ फाटला. मग तुम्ही खुंटीवरचा आकडा ओढलात, ज्यानं रोज मार्केटात गोणी उचलायचात तोच, आणि ट्रेच्या फटीत घातलात. मी हात मध्ये घातला. तुम्हाला तो दिसला होता, आबा. आकडा मनगटात शिरला, तुम्ही हिसडा दिलात, ट्रे निघाला आणि सीडीचे दोन तुकडे माझ्या रक्तात पडले. “आईला खाल्लीस, आता हिलाबी खाल्लीस,” म्हणत तुम्ही पोटात लाथ घातलीत. काकूंनी ओढलं नसतं तर मेलेच असते. अजून ती लाथ आठवली की तुमचा गळा धरावासा वाटतो. तुमच्या फोटोला हार घालते तेव्हासुद्धा.

काल लेकीसाठी बाहेरून जोडायचा सीडी ड्राइव्ह आणला. परत तेच, बिझी. शोधलं तर कारण एवढंसं. स्क्रीनवरच्या दुसऱ्या खिडकीत आपणच त्या सीडीच्या फोल्डरमध्ये शिरून बसलो असलो, तर मशीन तिला सोडत नाही. आधी बाहेर पडायचं, मग काढायची. त्या सकाळी मी आत शिरले होते ते उखाण्याची फाइल कॉम्प्युटरात उतरवून घ्यायला. फाइल उतरली, पण बाहेर पडायचं राहिलं.

होय, उतरली होती. तुम्ही आकडा घातलात तेव्हा आईचा उखाणा त्याच कॉम्प्युटरच्या डब्यात सुखरूप होता. लाथेनंतर सांगणार होते. तुम्ही ते तुकडे हातात धरून हंबरडा फोडलात, आणि मी मनात म्हटलं, रडा. परत कधी हात उचलला नाहीत माझ्यावर. तुकडे गोंदानं चिकटवत बसायचात, आणि मी पलीकडं कानात वायर घालून तुमचं नाव ऐकायचे.

दवाखान्यात शेवटी नाकातल्या नळीआडून विचारलंत, “जोडली का गं शीडी?” फाइल माझ्या मोबाइलमध्ये होती, मोबाइल हातात होता. मी म्हटलं, “नाही, आबा.”