चौदाव्या मजल्यावरचा आज्यांचा दावा

दोहा, शुक्रवार
(इथला सुट्टीचा दिवस, म्हणजे घरातल्या इतरांचा)

ती. अंबिकाताईस,

धाकट्या बहिणीचा साष्टांग नमस्कार. डावा गुडघा वाकत नाही, तेव्हा तूर्त सातच अंगांचा समज, आठवं नाशिकला आल्यावर. तुझं बीपी, दाजींची नवी कवळी आणि तुमच्या गॅलरीतलं लिंबाचं झाड ही तिन्ही आपापल्या जागी असतील अशी आशा करते. हौसाबाई माझ्या झाडांना पाणी घालते आहे ना? दर शुक्रवारी मी व्हिडिओ कॉलवर तिच्याकडून कुंड्या दाखवून घेते, पण माती खरोखर ओली असते की कॉलपुरती ओली केलेली असते, ते इथून कळत नाही. तू एकदा पहिल्या मजल्यावरून चौथ्यावर जाऊन बोट खुपसून बघ. (लिफ्टने जा. तुला मनाई नाही.)

व्हॉट्सॅप असताना पत्र कशाला, असं तू म्हणशील. माझं व्हॉट्सॅप इथल्या घरातल्या टॅबवरही उघडतं आणि तो टॅब प्रतिवादींच्या ताब्यात आहे. फोन करावा, तर एकतीस वर्षं ट्रंक एक्स्चेंजमध्ये ‘हॅलो मालेगाव’ करून माझा आवाज असा तयार झाला आहे की मी कुजबुजले तरी बाराव्या मजल्याला कळतं. म्हणून हे पत्र रामेश्वरच्या हाती देते आहे. तो श्यामरावांच्या कंपनीची गाडी चालवतो, सटाण्याचा आहे, दोन वर्षांनी उद्या घरी निघाला आहे. सोबतचा खजुराचा डबा तुझाच. दाजींना एका वेळी दोनच दे.

प्रतिवादी म्हणजे माझी मुलगी अंतरा आणि माझे जावई श्यामराव. दचकू नकोस, सांगते.

मी जुलैत इथे आले ती अंतराच्या मेसेजवर विश्वास ठेवून. तो शब्द न् शब्द जपून ठेवलेला आहे: ‘आई, ईश्वरीचं बारावीचं वर्ष आहे, तू फक्त ये. काही करू नकोस. आराम कर, संध्याकाळी कॉर्निशवर फिरायला जाऊ, समुद्र बघ.’ पहिल्या दिवशी मी आराम केला. दुसऱ्या दिवशी सकाळी अंतरा म्हणाली, ‘आई, तुझंच घर आहे,’ आणि पोळीचा डबा कुठे असतो ते दाखवलं. तेव्हापासून मी पहाटे पाचला उठते आणि तीन डबे भरते: श्यामरावांचा बिनतेलाचा, अंतराचा बिनकार्बचा आणि ईश्वरीचा बिनभाजीचा. म्हणजे मी तीन प्रकारचं नाही नाही ते बनवते. कॉर्निश मी एकदा पाहिलं, गाडीतून, लाल दिवा असताना. समुद्र डावीकडे होता. दिवा लगेच हिरवा झाला.

याच सुमारास ईश्वरीच्या शाळेत करिअरविषयी भाषणं झाली आणि एक वकीलबाई परदेशातून पडद्यावर बोलल्या. त्यांचा धंदा असा, की एखाद्या कंपनीने हजारो गिऱ्हाइकांना एकाच पद्धतीने फसवलं, किंवा हजारो कामगारांची सुट्टी एकाच पद्धतीने खाल्ली, तर प्रत्येकाने वेगळं रडत बसायचं नाही. सगळ्यांचा मिळून एकच दावा, एका माणसाच्या नावाने. याला क्लास अ‍ॅक्शन म्हणतात. ईश्वरी घरी आली ती डोळे चमकवत, आणि मला हेच व्हायचंय म्हणाली. (म्हणाली इंग्रजीत. पोरीला मराठी सगळं कळतं, पण उत्तर म्हणून एक ओळ मराठीत द्यायची तर तिला जणू व्हिसा लागतो.) श्यामराव त्या वेळी दही खात होते. त्यांचा चमचा थांबला. गॅसच्या कारखान्यात मोठमोठ्या नळ्या आखणारा माणूस, त्याला मुलगी इंजिनिअरच व्हायला हवी. ते म्हणाले, हे करिअर आहे की भांडण? मी म्हटलं, आपल्या घराण्यात ते आजवर फुकट चालत होतं, कुणी डिग्री घेत असेल तर वाईट काय? जावई आहेत, माझ्यावर रागावता येत नाही. ते दह्यावर रागावले.

तरी मी त्या करिअरची नीट चौकशी केली, कारण उगाच कुणाची बाजू घ्यायची मला सवय नाही. पाच वर्षं कायद्याचं कॉलेज. पुढे बाहेर जाऊन आणखी एक वर्ष. मग एखाद्या मोठ्या वकिलाच्या हाताखाली दोन वर्षं खोकीच्या खोकी कागद वाचायचे आणि त्यात कंपनीच्या साहेबाने केलेली एक चूक शोधायची. (तांदळातले खडेच ते. मला जमेल.) मग साक्षीदारांना चहा पाजून बोलतं करायचं. सातव्या-आठव्या वर्षी कोर्टात उभं राहून पुढची तारीख मागता येते. दहाव्या वर्षी स्वतःचा दावा मिळाला तर मिळाला, तो सात वर्षं चालतो, आणि हरला तर वकिलाच्या हातात नुसती फाइल उरते. म्हणजे पहिला दावा जिंकेपर्यंत ईश्वरी पस्तिशीत आणि मी हार घातलेल्या फोटोत. हे मी तिला बोलून दाखवलं. ती म्हणाली, ‘दॅट्स ओके आजी, आय विल टेल द फोटो.’

शेवटी श्यामरावांनी त्यांच्या ऑफिसात करतात तशी अट घातली. आधी लहान प्रमाणावर करून दाखव. दहा माणसं, एकच तक्रार, आणि महिनाभर त्यातलं एकही फुटता कामा नये. जमलं तर कायद्याच्या प्रवेश परीक्षेचा फॉर्म ते स्वतः भरतील. नाही जमलं तर इंजिनिअरिंग, आणि हा विषय खलास. त्यांना वाटलं, पोरगी शाळेच्या कँटीनविरुद्ध काहीतरी करेल. पोरगी नजर वळवून माझ्याकडे बघायला लागली. मी तेव्हा तिसरा डबा भरत होते.

ताई, या इमारतीत बावीस मजले आहेत आणि जवळजवळ प्रत्येक मजल्यावर भेटीच्या व्हिसावर आणलेली एक आजी आहे. बाहेर ऊन इतकं, की आम्ही तळमजल्यावरच्या गार लॉबीत चालतो. पण लॉबीत रखवालदार असतो आणि घरात सुना-मुली असतात, म्हणून खरं बोलायची जागा एकच, लिफ्ट. नवव्यावरून तळाला जाईपर्यंत जेवढं बसेल तेवढं दुःख. मी चौदाव्यावरची, त्यामुळे माझं जरा विस्ताराने असतं. ईश्वरीने मला आठवडाभर वही देऊन लिफ्टने खालीवर करायला लावलं. सिस्टर अलिनाने शाळेत पट्टीने बोटं झोडून घडवलेलं माझं अक्षर, ते असं सार्थकी लागलं. आणि वहीत नावं लिहायला घेतली तर एकीचंही नाव मला माहीत नव्हतं. तीन महिने आम्ही एकमेकींना ‘कुशलची आई’, ‘जन्नतची दादी’ म्हणत होतो. कुशलची आई निघाली नीता. जन्नतची दादी, त्या हैदराबादच्या, निघाल्या अदीबा. स्वतःचं नाव सांगताना त्या एकदम लाजल्या, पाचवा मजला गेला तरी लाजतच होत्या. मग म्हणाल्या, ‘लिखो बाजी, मगर मेरी बहू बहुत अच्छी है.’ हे वाक्य प्रत्येकीने सही करण्याआधी म्हटलं. मीसुद्धा, बहूच्या जागी मुलगी घालून.

तक्रार मात्र सगळ्यांची एकच निघाली. ईश्वरीने ती वहीत लाल शाईने अधोरेखित केली. प्रत्येकीला कामाला लावण्याआधी एकच वाक्य ऐकवलं होतं, कुणाला मराठीत, कुणाला हिंदीत, कुणाला मल्याळममध्ये: हे तुमचंच घर आहे. आणि त्यानंतर सुट्टी नाही. गिऱ्हाईक म्हणून फसवणूक, कारण आराम कबूल केला होता. आणि कामगार म्हणूनही फसवणूक. एकाच दाव्यात दोन्ही. पोरगी हरखली. मागणी साधी ठेवली, आठवड्यातून एक पूर्ण दिवस सुट्टी आणि त्या दिवशी कुणी ते वाक्य उच्चारायचं नाही. दहा सह्या झाल्या. पहिलं नाव माझं, कारण दावा कुणाच्या तरी नावाने लागतो आणि त्या माणसाला सगळ्यांची बोलणी खावी लागतात. मला सवय आहे.

नोटीस घरोघरी गेली. दिवाळी तोंडावर आली होती आणि दहाजणींपैकी सहाजणी फराळवाल्या. चकलीचा सोऱ्या कुठे ठेवला आहे हेसुद्धा प्रतिवादींना ठाऊक नव्हतं. मग त्यांनी कंपन्या करतात तेच केलं, एकेकीला वेगळं गाठलं. एकीला वाळवंट दाखवलं. एकीला पायाला मसाज करणारं यंत्र आणलं. त्या दोघी यंत्र घेऊन आणि वाळवंट बघूनही आमच्याबरोबर राहिल्या, याला मी चारित्र्य म्हणते. पण नीता गेली. कुशल तिला द पर्ल नावाच्या इथल्या बेटावर घेऊन गेला, पाण्याकाठी बसवून कॉफी पाजली, आणि पंधरा मिनिटं फोन खिशातून काढला नाही. ती लिफ्टमध्ये मला म्हणाली, ‘सरोजताई, त्याने मला विचारलं, आई तू लहानपणी काय खेळायचीस? मला नाव मागे घेऊ दे.’ मी तिचं नाव खोडलं. खोडतानाही अक्षर बिघडू दिलं नाही.

तर आम्ही नऊ आहोत. नीता गेली तेव्हा एक फुटली म्हणून डाव संपला, असं श्यामराव म्हणत होते. पण दाव्यातून बाहेर पडायचा हक्क प्रत्येकाला असतो, हे ईश्वरीने कुठलासा नियम दाखवून सिद्ध केलं, आणि पुढच्या गुरुवारपर्यंत दहावी आणली तर चालेल असं ठरलं. पोरीचं जेवण कमी झालं आहे. परवा मी तिच्या डब्यात चुकून भाजी घातली, तर तीही खाऊन आली. काळजी वाटते.

बाकी सर्व क्षेम. दाजींना नमस्कार, तुझ्या लिंबाला आशीर्वाद. तुम्हा दोघांची तब्येत सांभाळा, कारण आपल्या पिढीतलं माझ्याशी पटणारं आता फारसं कुणी उरलं नाही, आणि तुझ्याशीही पटतं असं नाही.

तुझी,
सरोज

ता. क. दहावी मिळाली आहे. हे वर लिहायचं टाळलं. गेल्या शुक्रवारी कुंड्यांचा कॉल चालू असताना ईश्वरीने माझ्या हातातून फोन घेतला आणि हौसाबाईला विचारलं, ‘मावशी, तुम्हाला सुट्टी कधी असते?’ मराठीत, ताई. हौसाबाईला इंग्रजी येत नाही म्हणून पोरगी दहा मिनिटं सलग मराठी बोलली. हौसाबाई हसली. ‘सुट्टी कशाची, बाय? सरोजताई म्हनत्यात, तू घरचीच हायेस.’ ईश्वरीने माझ्याकडे पाहिलं नाही. मग तिने तब्येतीचं विचारलं, तर हौसाबाई म्हणाली, बाकी काही नाही, चार मजले चढून दम लागतो, लिफ्टला बोर्ड आहे ना. कोणी लावला, विचारल्यावर म्हणाली, ‘आसंल कोनी.’ बावीस वर्षं माझ्या घरी काम करते. कोणी लावला ते तिला चांगलं माहीत आहे.

मी लावला, सोसायटीची सेक्रेटरी असताना. ‘घरकाम करणाऱ्या बायकांनी व फेरीवाल्यांनी लिफ्टचा वापर करू नये.’ खाली तेच इंग्रजीत. ईश्वरीने दहावं नाव हौसाबाईचं लिहिलं. श्यामरावांनी हरकत घेतली, की बाई घरची आणि लिफ्ट बंद, हे होईल कसं? सगळ्यांसमोर मला विचारलं, असा बोर्ड आहे का? आणि मी, जिने सिस्टर अलिनाच्या हाताखाली सात वर्षं खोटं न बोलण्याचे धडे गिरवले, म्हणाले, कुठला बोर्ड? आमच्या सोसायटीत असलं काही नाही. श्यामराव म्हणाले, मग बोर्डाचं खोटं, तर हौसाबाईंचं बाकीचं म्हणणंही टिकत नाही, दहावी रद्द. ईश्वरीने वही मिटली आणि ती आत गेली.

तेव्हा तुझ्याकडे काम असं आहे. रामेश्वर सोमवारी येईल. त्याच दिवशी खाली जा आणि त्या बोर्डाचा फोटो काढून पाकिटामागे लिहिलेल्या ईश्वरीच्या नंबरवर पाठव. खालची माझी सही आली पाहिजे, तारीख आली पाहिजे. मी सांगितलं म्हणून पाठवलास असं मुळीच कळू देऊ नकोस. हौसाबाईने विनंती केली म्हण, काहीही म्हण. आजीने कीव केली असं पोरीला वाटलं, तर ती जिंकूनही हरेल. पुरावा तिने शोधला, असंच राहू दे. मी गुरुवारी सगळ्यांसमोर फोटो बघून भरपूर रागावणार आहे, त्याची तयारी झाली आहे.

ता. क. २. इंग्रजी मजकूरही पूर्ण दिसला पाहिजे. त्यात एक चूक नाही.

ता. क. ३. फोटो गेला की बोर्ड काढून टाक. स्क्रू दाजींकडून काढवू नकोस. आणि काढल्यावर हौसाबाईला हाताला धरून लिफ्टने वर घेऊन जा, नुसतं ‘जा’ म्हणू नकोस, ती जाणार नाही. रोज सकाळी ती लिफ्ट पुसते, त्यामुळे तिला बटणं पुसायची ठाऊक आहेत, दाबायची नाहीत.