अर्ध्या भाकरीचं बाळंतपण

चिटगुप्पा, १२ जानेवारी

ती. कलाबाई मावशींना नमस्कार, चि. अंबिकाला आशीर्वाद.

घरात सगळ्यांच्या मागून जेवणाऱ्या बायांनो, तुमच्या ताटातली भाकरी तुमच्याच घरात चोरली जाते, आणि त्या चोरीला आपण रीत म्हणतो. मावशी, तुमच्या तानाजीने अंबिकाचा, आपल्या बायकोचा, फोन आपटून फोडला, म्हणून हे पत्र तुमच्या गावच्या आरोग्यसेविका आशाताईंच्या हाती पाठवतेय. अंबिके, तुझ्या सासूबाईंना मोठ्यानं वाचून दाखव.

सातवा महिना लागला की सुनेला अर्धीच भाकरी द्यायची, मूल बारीक राहतं, बाळंतपण सोपं जातं, असं तुमच्याकडे म्हणतात. मावशी, ते मूल बारीक नसतं, उपाशी असतं. अंबिकाचं हिमोग्लोबिन सहा आलंय. रक्तातला जो लाल भाग श्वासातला प्राणवायू अंगभर आणि बाळापर्यंत वाहून नेतो, ते हिमोग्लोबिन. गरोदरपणी ते अकराच्या वर हवं. ते कमी पडलं की रक्तक्षय. लोहाशिवाय ते बनत नाही, म्हणून ती सरकारी गोळी. लिंबासोबत अंगी लागते, चहाबरोबर वाया जाते. बाळाचं मांस बनतं प्रथिनांनी, आणि प्रथिनं वरणात असतात. तुमच्या शेतातली तूर बाजारात जाते आणि सुनेच्या वाटीत वरचं पाणी.

अंबिके, लहानपणी माझ्या ताटातलं वरण ओढून खायचीस. ती हावरट पोरगी कुठं गेली? माझी माया आहेच, तू तेवढी पोटभर जेव.

तुझी अक्का,
विजयश्री

संतपूर, १९ जानेवारी

ती. अक्कास सा. न.

तुझं पत्र सासूला, आत्याबाईंना, वाचून दाखवलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी माझं ताट सगळ्यांच्या आधी वाढलं. अख्खी भाकरी, घट्ट वरण, लिंबू. म्हणाल्या, माझी दोन लेकरं मेलेलीच जन्मली, तवा मीबी अर्धीच खायची.

तेवढ्यात हे शेतातून आले. मला जेवताना बघून ताट लाथेनं उडवलं. काठ भुवईवर बसला, रक्त डोळ्यात उतरलं. मग केस धरून भिंतीवर आपटलं. आत्याबाई मधी पडल्या तर त्यांचा हात पिरगाळला. मनगट मोडल्याचा आवाज मला ऐकू आला. गोळ्या चुलीत टाकल्या आणि वरडले, “आमची जनाक्का मोठ्या लेकरापायी मेली. तुलाबी मरायचंय व्हय?”

बहिणीसारखी मी मरू नये म्हणून मारायलेत, अक्का. हसावं का रडावं कळंना.

आता शेतात जाताना मला खोलीत कोंडून कुलूप घालतेत. भाकर-पाण्यापुरतं उघडायला किल्ली आत्याबाईंकडं देतेत, त्यांनाबी धमकावून. पाय सुजलेत, चार पावलं टाकली की दम लागायलाय. बाळ कालपासून कमी हलायलंय. आशाताई खिडकीतून ही चिठ्ठी नेतील. रागावून काही लिहू नको, काय करू ते सांग.

तुझीच,
अंबिका

संतपूर, २० जानेवारी

ती. कलाबाई मावशींना नमस्कार.

मी तुमच्याच गावात, आशाताईंच्या घरी बसून लिहितेय. त्या तुम्हाला हे वाचून दाखवतील.

जनाक्काचं मूल मोठं नव्हतं. दोन किलोसुद्धा भरलं नव्हतं, असं आशाताई सांगतात. तुमच्या लेकीचं ते मूल तुम्ही स्वतः हातात घेतलं होतं, तुम्हाला ठाऊक आहे. बाळंतपणात प्रत्येकीचं रक्त जातं. भरल्या अंगाची बाई ते सोसते, रिकाम्या अंगाची मरते. जनाक्काला अर्ध्या भाकरीनं मारलं, आणि तुमचा मुलगा तोच सुरा आता बायकोच्या गळ्यावर धरून बसलाय. त्याची भीती खरी असेल. म्हणून बायकोचं डोकं फोडायचा आणि आईचं मनगट मोडायचा हक्क त्याला मिळत नाही. पोलिसांत जबाब मी देणार आहे, ते माझ्यावर सोडा.

सहा हिमोग्लोबिन आता भाकरीनं भरून येणार नाही. दवाखान्यात रक्त चढवावं लागेल, आणि बाळ हलेनासं होतंय. तुमच्या हातालाही प्लास्टर हवं.

मी दारात आले तर गल्ली जमेल, कुणीतरी शेतात निरोप नेईल आणि तानाजी कुऱ्हाड घेऊन धावत येईल. तुम्ही दोघी निघालात तर सासू सुनेला घेऊन चाललीय, एवढंच दिसेल. ॲम्ब्युलन्स शाळेच्या मागं उभी आहे. हे लिहून झालं की मी तिच्यात जाऊन बसतेय.

माझ्यावर लोभ नसला तरी चालेल. एक हात मोडलाय, दुसरा चांगला आहे. त्या हातानं आत्ता कुलूप उघडा.

विजयश्री